इंदाक्काची शहरं

चालणाऱ्या माणसाला रस्ता विचारायचा नाही, बसलेल्याला विचारायचा. चालणारा कुठून आलेला असेल सांगता येत नाही. तोही आपल्यासारखाच पत्ता शोधत असायचा. बसलेला मात्र तिथलाच. चप्पल शिवणारा, देवळाच्या पायरीवरची फुलवाली, भाजीची पाटी पुढ्यात घेतलेली म्हातारी. शहर कितीही मोठं असू दे, त्याची वाट ह्यांच्याकडं असते.

हे शहाणपण माझं नाही. परवा माझी नात नोकरीच्या मुलाखतीला पहिल्यांदा बंगळूरला निघाली. फोनवर बोट फिरवत मला सांगायला लागली, आजी, तिथं हे बघणार, ते बघणार. मी म्हटलं, बघ बाई सगळं, पण आधी माझे चार शब्द ऐक. आणि बोलायला लागले तर काय, माझ्या तोंडातून इंदाक्काच बाहेर पडायला लागली. शब्दही तिचे, हातवारेही तिचे. नात बघत राहिली. म्हणाली, "आजी, तू एवढी शहरं कधी बघितलीस?"

मी कुठली बघणार? ती मला इंदाक्कानं दाखवली. आक्का जाऊन आता वर्ष होत आलं. तेव्हापासून आमच्या बचत गटातली एकही बाई शहर बघायला गेलेली नाही.

कोरेगावपासून थोडं आत आमचं गाव. उसाचं रान, आणि घरटी एक तरी माणूस फौजेत. आक्काचे मालक सर्जेराव फौजेतच होते आणि फौजेतच गेले. तिचं माहेर सांगलीचं. वडील हळदीच्या बाजारात हमाल होते. लहानपणी ती शाळेतनं आली की पोत्यांच्या थप्पीवर बसून अभ्यास करायची, म्हणून तिच्या वह्या पिवळ्या. असं तीच हसत सांगायची.

दिसायला ठेंगणी, अंगानं भरलेली. सहावारी पातळ आणि त्याच्याखाली पांढरे कॅनव्हासचे बूट, फौजेतली पोरं कवायतीला घालतात तसले. लग्नाला जाताना पण तेच. सासरकडच्या एका मानकरी बाईनं एकदा नाक मुरडलं, तर आक्का म्हणाली, "वन्सं, मी पायानं चालते, तुमी नाकानं चालता. ज्याचं त्याला पायजेच की." त्या बाईनं पुढं तिच्या बुटाकडं बघितलंच नाही.

आमच्या पिढीच्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत. हे, ह्यांनी, आमचे मालक, अमक्याचे बाबा, असं काहीतरी करून वेळ भागवतो. आक्कानं त्यावर स्वतःची तोड काढली होती. फौजेतल्या माणसाला नंबर असतो, पत्रावर नावाच्या आधी तो घालायचा असतो. आक्काला तो सगळा नंबर तोंडपाठ होता आणि त्यातले शेवटचे तीन आकडे तिनं नवऱ्याला ठेवले होते. "आमचं दोनशे अकरा चहा बशीतनंच प्यायचं." "दोनशे अकराला मेथी आजिबात चालायची न्हाई." गावात नव्यानं आलेल्या सुनांना वाटायचं, ही बाई कुठल्या एसटीबद्दल बोलते आहे काय.

तर शहरं. गटातल्या आम्ही बायका वर्षातून एकदा, ऊस गेला की, एक मोठं शहर बघून यायचो. ही टूम आक्कानंच काढली. यात्रा नाही, देव नाही, नुसतं शहर बघायचं. गडीमाणसं हसली. माझे मालक म्हणाले, शहरात बघण्यासारखं काय असतंय, माणसंच की. आक्काला हे कळलं तेव्हा ती म्हणाली, "बराबर बोलल्यात. माणसंच बघायची."

पण थेट मोठ्या शहरात कुणालाच न्यायची नाही. आधी सांगलीत चाचणी. एसटी स्टँडवर उतरवायची आणि म्हणायची, आता एकटी कृष्णेच्या घाटावर ये, मी तिथं बसते. माझ्या चाचणीला मी फार ऐटीत निघाले. समोरून एक सुटाबुटातला माणूस चालत आला, म्हटलं शिकलेला दिसतोय, त्याला घाट विचारला. त्यानं हात करून दाखवला, आणि मी त्याच्या पुढं, तो माझ्या मागं, असे आम्ही दोघं हळदीच्या बाजारात शिरलो. वारा सुटलेला, हळद उडत होती. शिंकून शिंकून माझे डोळे लाल आणि नाक पिवळं. तेवढ्यात तो माणूसच मला मोडक्या मराठीत, निम्म्या कानडीत विचारायला लागला की बाई, स्टँड कुठल्या बाजूला आलं? तो हुबळीचा निघाला. घाटावर पोचायला मला दुपार झाली. आक्कानं माझा अवतार बघितला, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "दोन परक्यांनी मिळून बरी बघितली म्हणायची सांगली." मग तिनं पिशवीतून एक पिवळी चिंधी काढली आणि माझ्या पिशवीच्या बंदाला गाठ मारून बांधली.

ही चिंधी म्हणजे आमची खूण. पांढरं धोतर फाडून ती हळदीत रंगवायची आणि प्रत्येकीच्या पिशवीला बांधायची. गर्दीत तोंडं हरवतात, पण पिवळा रंग लांबून दिसतो, म्हणायची. विधवा बाईनं असं हळदीत हात घालावा का, यावर गावात कुजबुज झाली. ती आक्कापर्यंत पोचलीही. तिनं त्या वर्षी चिंध्या जास्त गडद रंगवल्या.

दुसरी शिस्त मागं वळून बघायची. कुठल्याही वळणावर वळलं की चार पावलं जाऊन थांबायचं आणि मागं बघायचं. उसात शिरताना आपण बघतो ना, तसं. कारण परत येताना तो कोपरा तसाच दिसणार असतो. जाताना दिसतो तो वेगळाच. आणि तिसरी शिस्त पाट्यांची. दिसेल ती पाटी मोठ्यानं वाचायची. मनात वाचलेलं विसरतं, कानानं ऐकलेलं राहतं. त्यामुळं आम्ही सगळ्या म्हणजे एखादी शाळाच. बसमधून जाताना एका सुरात दुकानांची नावं. लोक वळून बघायचे. आक्काला मराठी वाचता येतच होतं, आणि मालकांबरोबर छावणीत राहून हिंदी, पुढं लेकीच्या पुस्तकांतनं इंग्रजी अक्षरं पण ती जुळवून वाचायची, अडखळत का होईना.

आमच्यात एक भामाबाई होती. आटपाडीकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली, लेकीपाठोपाठ आमच्या गावात येऊन राहिलेली. तिला अक्षरओळख नव्हती. ह्या पाट्या ऐकून ऐकून तिला पन्नाशीनंतर अक्षरं लागली. पहिली पाटी तिनं स्वतःहून वाचली ती मुंबईत, बोट नाचवत, सगळा रस्ता ऐकेल अशी: "शौ-चा-ल-य!" आम्ही हसून खाली बसलो. आक्का मात्र हसली नाही. तिनं भामाबाईची अलाबला घेतली आणि कडाकडा बोटं मोडली.

हैदराबादेत मात्र आक्काचं काही चालेना. रस्त्याला गाड्या अशा, की आम्ही सगळ्या पदराला पदर धरून कडेला उभ्या आणि पलीकडं जायची छाती होईना. रिक्षांचा नुसता लोंढा. तेव्हा भामाबाई म्हणाली, सरा बाजूला. हात आडवा केला, तोंडानं मेंढरं हाकायचा तो "ड्र्रर्र, हुर्र" असा आवाज काढला आणि रमतगमत रस्त्यात उतरली. पळाली नाही, थांबली नाही. गाड्या आपोआप थांबत गेल्या. पलीकडं गेल्यावर म्हणाली, "सडकंवर पळालं की गाडी बिचकती. मेंढरागत जायाचं, दमानं." आक्कानं तिथल्या तिथं रस्ता ओलांडायचं खातं तिच्याकडं दिलं. स्वतः मेंढरासारखी तिच्या मागं चालायला लागली. मोठेपणा मिरवायची सवयच नव्हती तिला.

पण आक्काची सगळ्यात अवघड शिस्त म्हणजे पहिला दिवस. पहिल्या दिवशी काहीही बघायचं नाही. उतरायचं, पिशव्या ठेवायच्या, पाय धुवायचे, घरची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी खायची, आणि मोठ्या रस्त्याच्या कडेला एखाद्या पायरीवर जाऊन बसायचं. नुसतं बसायचं. "डोळ्याला बी पोट आसतंय," म्हणायची. "एकदम कोंबलं तर वकारी यील. आधी लोकं कशी चालत्यात ते बघा, मग तुमच्या त्या इमारती." आम्ही बसून बसून पेंगायचो. आक्का नाही पेंगायची. ती ताठ बसलेली, हात गुडघ्यावर, नजर एका तोंडावरून दुसऱ्या तोंडावर. दिवे लागले तरी बसलेलीच. मला वाटायचं, काय ही हौस. माणूस एवढं हावरेपणानं शहर बघू शकतं, ह्याचंच मला नवल.

ती हौस नव्हती, हे मला चेन्नईत कळलं.

तिथंही पहिला दिवस. स्टेशनसमोरच्या पायरीवर आम्ही दोघी बसलेलो, बाकीच्या आत चहाला गेल्या होत्या. आक्का एकाएकी म्हणाली, "शालन, माझं पयलं शहर ह्येच. तवा मद्रास म्हनायचे."

आणि मग तिनं सांगितलं. दोनशे अकरा श्रीलंकेत गेलेल्या फौजेत होते. तार आली. माणूस आला नाही, जळलेलं-पुरलेलंही काही दिसलं नाही. तिकडंच सगळं झालं म्हणाले. महिन्यानं काळी पेटी आली. पेटीत कपडे, तिनं पाठवलेली पत्रं, आणि पांढरे कॅनव्हासचे बूट. बूट लहान होते. त्यांच्या पायाचे नव्हतेच. फौजेत बूट एकसारखे, पोरं एकमेकांचे घालत असतील, सासरे म्हणाले. पण हिच्या डोक्यात बसलं: बूट दुसऱ्याचे, म्हणजे पेटी दुसऱ्याची, म्हणजे तारही दुसऱ्याची असेल. चोविशीतली पोर, कडेवरची लेक जावेकडं ठेवून म्हाताऱ्या सासऱ्याला घेऊन मद्रासला आली. जखमी माणसं तिथल्या फौजी दवाखान्यात आणतात, एवढंच ऐकलं होतं. चालणाऱ्याला रस्ता विचारला, त्यानं भलतीकडं पाठवलं. सासरे गर्दीत सुटले, अख्खा दिवस सापडले नाहीत. पाट्या सगळ्या तिकडच्या अक्षरात. "मुकी झाल्यागत वाटलं बघ. डोळं हायती पन वाचा न्हाई." शेवटी पायरीवर बसलेल्या एका फुलवालीनं हिचं रडं बघून हात धरला आणि भाषेचा एक शब्द सारखा नसताना दवाखान्याच्या दारात नेऊन सोडलं. सासरेही तिथंच बसलेले.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. सगळ्या खाटा बघितल्या. न्हवते."

आम्ही तिच्या ज्या शिस्तींना हसत होतो, त्या सगळ्या त्या दोन दिवसांत तयार झालेल्या होत्या. मी तिच्या पायातल्या बुटांकडं बघितलं. तिला कळलं.

"ते पेटीतलं माझ्या पायाला बसलं. तेच घालून आले हुते हितं. ते फाटलं, मग तसलंच घेत ऱ्हायले."

"आक्का, आवं, इतक्या वर्सांनी..."

"मला म्हाईत हाय गं. डोस्क्याला सगळं कळतंय. पेन्शन खाते मी त्येंची. पन डोळ्यास्नी कुणी सांगितलंच न्हाई अजून. गर्दी दिसली की बघत बसत्यात." आणि हसली. "आता दिसलं तरी मला वळखायचं न्हाईत. मी ही अशी म्हातारी, आणि ते आपलं तीसच्या आतच."

बाकीच्या चहा घेऊन आल्या. आक्कानं लगेच विषय बदलला.

पुढं आमच्या गावचा एक जवान सुट्टीवर आला. देवळापुढं बसून त्यानं सांगितलं की दिल्लीत नवं युद्धस्मारक झालंय, गोल गोल भिंती आहेत आणि एकेका दगडावर एकेका जवानाचं नाव कोरलंय. आक्काकडं वळून म्हणाला, "काकी, काकांचं बी हाय. मी सॅल्यूट करून आलो." आक्का उठली, नळावर गेली आणि घासलेलीच भांडी परत घासायला लागली.

त्या वर्षी आम्ही सगळ्याजणी दिल्ली म्हणालो. आक्का म्हणाली, दिल्ली लांब आहे. आणि आम्हाला कलकत्त्याला घेऊन गेली. पुढच्या वर्षी परत तेच, दिल्ली लांब आहे. कारण मला ठाऊक होतं. दिल्लीला जाऊन ते नाव बघितलं, की डोळ्यांना सांगितल्यासारखं झालं. मग पायरीवर बसून बघायचं कुणाला? इतकी वर्षं जिच्यावर बाई उभी राहिली ती आशाच काढून घ्यायची. मी गप्प बसले.

भामाबाई गप्प बसली नाही. एक दिवस गटाची बैठक संपल्यावर तिनं आक्काला सगळ्यांदेखत तोंडावर सांगितलं. "आक्का, मेंढरू हरवलं की मी वड्यावगळीत उतरून हुडकते. कवा कवा हाडंच घावत्यात. रडते. पन मग उठून बाकीचा कळप घिऊन फुडं जाते. बगितल्याबिगर पाय निगत न्हाई. तुमी वरच्या वरच हाका मारत हुब्या हाय."

आक्का ताडकन उठून गेली. पंधरवडाभर भामाबाईशी बोलली नाही, माझ्याशीही नाही. मग एका सकाळी माझ्या दारात उभी. हात मनगटापर्यंत पिवळे. नव्या चिंध्या माझ्यापुढं टाकल्या आणि म्हणाली, "दिल्ली. भामीलाबी सांग."

दिल्लीत उतरलो. मी पायरी शोधायला लागले, तर आक्का म्हणाली, "आज न्हाई. आधी त्ये. मग बसू." पहिल्यांदाच तिनं स्वतःची शिस्त मोडली.

स्मारकाच्या आवारात नाव शोधून द्यायला एक माणूस कंप्युटरच्या पडद्यासमोर बसला होता. बसलेला होता म्हणून मला उगीचच धीर आला. त्यानं हिंदीत नाव विचारलं. आक्कानं नंबर सांगितला, सगळा, एका दमात. त्यानं परत नाव विचारलं. मी तोंड उघडलं, तर आक्कानं माझं मनगट असं दाबलं की बांगडी रुतली. त्या माणसाला काय कळलं देव जाणे. त्यानं नंबर दाबला, पडदा तिच्याकडं वळवला. आक्कानं बघितलं न बघितलं, मान हलवली. त्यानं कुठल्या भिंतीला, कितव्या ओळीत, ते समजावून दिलं.

आणि मग त्या भिंती. काय सांगू? आम्ही उंच इमारती बघितल्या होत्या, समुद्र बघितला होता. पण ह्या भिंती उंचही नव्हत्या आणि तरी मान वर होईना. वर्तुळात वर्तुळ, दगडाला लागून दगड, आणि प्रत्येक दगड म्हणजे एक माणूस. सवयीनं आम्ही वाचायला लागलो, येईल तसं, पण आवाज आपोआप खाली आला. आपल्याकडची आडनावं आली की जीभ सरळ चालायची. मग डोंगरातली, पंजाबातली, पार तिकडच्या टोकाची नावं, जी आम्हाला नीट उच्चारताही येईनात. भामाबाई एकेका दगडापुढं थांबून हात जोडत होती. म्हणाली, "ह्येंच्याबी घरी पेट्या आल्या आसत्याल." त्यानंतर कुणी वाचलं नाही.

दगड सापडला. आक्काच्या डोळ्यांच्या बरोबर उंचीला होता. ती समोर उभी राहिली. पिशवीची चिंधी तिनं मुठीत धरलेली. चेहऱ्यावर काही नाही, ओठ मिटलेले. पलीकडं लोक येत होते, जात होते. मला वाटलं ही अशीच मागं वळणार, आणि आम्ही आलो तसे परत जाणार.

भामाबाई तिच्या कानाशी गेली आणि हळूच म्हणाली, "आक्का, पाटी."

आक्कानं श्वास घेतला. मग बसमध्ये दुकानांची नावं वाचायची तशी, खणखणीत आवाजात, तिनं वाचलं. आधी नंबर. मग हुद्दा, "नायक." मग थांबली. आणि म्हणाली, "सर्जेराव."

जन्मात पहिल्यांदा. तिच्या तोंडून ते नाव इतकं नवं वाटलं, की जणू त्या माणसाचं आत्ताच बारसं झालं. तिनं पदराच्या टोकानं दगड पुसला. धूळ नव्हतीच. आणखी एकदा म्हणाली, ह्या वेळी हळू, भिंतीला नाही, त्यालाच. मग आमच्याकडं बघून म्हणाली, "चला. भुका लागल्या आसतील."

बाहेर हिरवळीवर आम्ही बसलो. समोर मोठा रस्ता, दिल्लीची सगळी गर्दी तिथं लोटलेली. पहिल्या दिवसाची शिस्त म्हणून आम्ही सगळ्या रस्त्याकडं तोंड करून ओळीनं बसलो. मधे आक्कासाठी जागा ठेवली. ती आली, आमच्या समोर येऊन बसली, रस्त्याकडं पाठ करून. बूट काढून बाजूला ठेवले. भाकरीचं फडकं सोडलं.

मी म्हटलं, "आक्का, रस्ता मागं ऱ्हायला की."

"असू दे," ती म्हणाली. "आज तुमी बघा."

आणि आमच्या एकेकीच्या तोंडाकडं बघत ती भाकरीचे तुकडे करायला लागली.